टाकी फुल केली की गाडी लागत नाही, मेस्त्री म्हणतो काळा डबाच काढून टाक. काढू नका, आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिचोलीचे एक जण आहेत, पेट्रोल हॅचबॅक, बीएस ४ ची, म्हणजे २०२० च्या आधीच्या प्रदूषण नियमांची. एरवी गाडी मख्खन, पण पेट्रोल भरून पंपावरच परत स्टार्ट करायला गेलं की सेल्फ मारत राहावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला की एकदाची लागते, मग मिनिटभर थरथरते आणि नंतर जणू काही झालंच नाही. शिवाय गाडी उन्हात उभी राहिली की मागच्या चाकापाशी पेट्रोलचा वास. गॅरेजमध्ये प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, ऑक्सिजन सेन्सर बदलला, फरक शून्य. आता मेस्त्री म्हणतो की तो काळा डबा काढून टाकू, नळीला बूच मारू, विषय संपला.

विषय संपत नाही, नवीन सुरू होतो. फोंड्याला गॅरेज चालवतो, ही तक्रार वर्षानुवर्षं बघतोय म्हणून आधी उत्तर देतो आणि मग कारण सांगतो. तुमचा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे त्या डब्यातली वाफ इंजिनात सोडणारी झडप, उघडा अडकलाय, नाहीतर तो डबा, म्हणजे टाकीतली वाफ धरून ठेवणारा चारकोल कॅनिस्टर, पेट्रोलने भिजलाय. बहुतेक दोन्ही, कारण एकातून दुसरं होतं.

आता हे सगळं कशासाठी असतं ते बघू. पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नाही, बऱ्याच हायड्रोकार्बनची खिचडी आहे ती, आणि त्यातले हलके घटक उडून जायला टपलेलेच असतात. पेंटेन घ्या, तो ३६ डिग्रीलाच उकळतो. मे महिन्यात गाडी मिरामारला उन्हात लावलीत, खालून तापलेला डांबर, वरून ऊन, तर टाकीतलं तापमान ३६ च्या वर जायला कितीसा वेळ लागणार. थोडं इथेनॉल मिसळलं की वाफेचा दाब आणखी वाढतो, ते आता प्रत्येक पंपावर आहेच. म्हणजे गाडी बंद, चावी तुमच्या खिशात, तरी टाकी आत वाफ तयार करतेच आहे. ती वाफ कुठेतरी जायला हवी. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडरच्या काळात ती सरळ हवेत जायची, टाकीतून आणि कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमधूनही, म्हणून त्या गाड्यांचं बॉनेट उघडलं की तो ओळखीचा वास यायचा. लोकांना वाटायचं गाडीला वास यायचाच. पण ही वाफ आणि इंजिनातून येणारे नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की जमिनीलगत ओझोन तयार होतो, छातीला वाईट, आणि पेट्रोलच्या वाफेत बेन्झिन असतं ज्याने कॅन्सर होतो. म्हणून कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून आणि पूर्ण अमेरिकेने १९७१ पासून ही वाफ गाडीतच पकडायची सक्ती केली. आपल्याकडे बीएस ६ मध्ये (१ एप्रिल २०२० पासून) मर्यादा आहे २ ग्रॅमची. अख्खी गाडी एका बंद खोलीत ठेवतात, तापवतात, आणि टेस्टभरात सगळीकडून मिळून २ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ बाहेर आली तर नापास.

तर टाकीच्या वर एक-दोन व्हॉल्व्ह असतात. एक रोलओव्हर व्हॉल्व्ह, गाडी कलंडली किंवा चोर्ल्याच्या घाटात वळणावर पेट्रोल हिंदकळलं तर बंद होणारा, जेणेकरून वाफेच्या नळीत पातळ पेट्रोल शिरू नये. दुसरा फिल लिमिट व्हॉल्व्ह, त्यात फ्लोट असतो, पेट्रोल ठरलेल्या उंचीला आलं की फ्लोट वर जाऊन तोंड बंद करतो. तिथून नळी जाते कॅनिस्टरला. कॅनिस्टरला तीन तोंडं: एक टाकीकडचं, एक इंजिनकडे जाणारं, आणि एक बाहेरच्या हवेला उघडं, ज्याला बऱ्याचदा छोटा फिल्टर असतो. आत अ‍ॅक्टिव्हेटेड कोळसा. ह्या कोळशाला इतकी बारीक भोकं असतात की एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या वर जातो, आणि वाफ त्या पृष्ठभागाला चिकटून बसते. पाण्याच्या फिल्टरमध्ये आपल्या करवंटीचा कोळसा चालतो, पण गाडीच्या डब्यात जास्त करून लाकडापासून केलेला वापरतात, त्याची भोकं जरा मोठी असतात, कारण इथे नुसतं पकडून भागत नाही, पकडलेलं सोडताही आलं पाहिजे.

सोडण्याचं काम पर्ज व्हॉल्व्हचं. हा असतो इंजिनजवळ, थ्रॉटल बॉडी किंवा इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपांच्या) आसपास, दोन नळ्या आणि दोन पिनांचा कनेक्टर. करंट नसताना तो बंद असतो, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. इंजिन गरम झालं, ऑक्सिजन सेन्सर कामाला लागला, गाडी रस्त्यावर चालू लागली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ह्या व्हॉल्व्हला टिक टिक करत थोडा थोडा उघडतो (ती टिकटिक ऐकून काही लोक टॅपेट वाजतो म्हणून येतात, तो टॅपेट नाही, व्हॉल्व्ह आपलं काम करतोय). मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमने बाहेरची ताजी हवा डब्यातून उलटी ओढली जाते, कोळशाला चिकटलेली वाफ तिच्याबरोबर निघते आणि इंजिनात जाऊन जळते. ऑक्सिजन सेन्सरला कळतं की मिक्श्चर रिच झालं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं, ईसीयू तेवढं इंजेक्टरचं पेट्रोल कमी करतो. म्हणजे काही वाया जात नाही, तुम्ही पैसे देऊन घेतलेलंच पेट्रोल जळतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ घालतात ना, ते ओल ओढून घेतात आणि एकदा उन्हात टाकले की परत कामाला तयार, तसंच. फक्त तांदूळ उन्हात टाकायलाच विसरलात तर? जे लोक गाडी फक्त घर ते बाजार चालवतात आणि बाकी दिवस उन्हात उभी ठेवतात त्यांचं हेच होतं. इंजिन नीट गरम होईपर्यंत घर येतं, पर्ज होतच नाही, डबा भरलेलाच राहतो.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी एक ओळ. टर्बो दाब देत असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, उलट प्रेशर असतं, म्हणून तिथे टर्बोच्या आधी जोडणारी दुसरी नळी आणि चेक व्हॉल्व्ह असतात, तपासताना दोन्ही बघा. डिझेलला ही भानगडच नाही, डिझेल इतकं उडत नाही. सीएनजीवाल्यांना मात्र आहे, कारण पेट्रोलची टाकी आहेच.

आता तुमच्या लक्षणाकडे. पेट्रोल भरताना टाकीत जितके लिटर पेट्रोल जातं तितकेच लिटर वाफेने भरलेली हवा बाहेर ढकलली जाते. काही नळीच्या तोंडातून बाहेर, काही कॅनिस्टरकडे. म्हणजे भरणं झाल्याबरोबर वाफेच्या नळ्या आणि डबा तुडुंब असतात. व्हॉल्व्ह चांगला असेल तर तो बंद राहतो, काही बिघडत नाही. पण तो उघडा अडकला असेल तर सेल्फ मारताक्षणी ती सगळी दाट वाफ इंजिनात ओढली जाते, त्यावर इंजेक्टरही आपलं पेट्रोल मारतोच, मिक्श्चर इतकं रिच की ठिणगी पडूनही पेटत नाही. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की थ्रॉटल उघडून हवा वाढते आणि बऱ्याच गाड्यांत ईसीयू तेवढा वेळ इंजेक्टर बंद ठेवतो, म्हणून तुमची गाडी तेव्हा लागते. प्लग आणि सेन्सरचा ह्यात काही दोष नव्हता.

मेस्त्रीने सेन्सर का बदलला तेही कळतं. स्कॅनर लावल्यावर पी ०१७२ आला असणार, म्हणजे मिक्श्चर रिच. आणि नेटवर बघावं तर अमेरिकेचे व्हिडिओ, वाफेच्या गळतीचे कोड पी ०४४२, पी ०४५५, पी ०४५६, टाकीचं झाकण घट्ट करा नाहीतर नवीन घ्या. तिकडे ते बरोबर आहे. तिकडच्या गाड्या अख्खी सिस्टीम बंद करून, व्हॅक्यूम किंवा प्रेशर धरून गळती शोधतात, १९९६ च्या ओबीडी २ पासून (गाडीने आपला दोष स्वतः शोधायची तिकडची सक्ती) १ मिलिमीटरचं भोक आणि २००० च्या आसपासच्या मॉडेलपासून अर्ध्या मिलिमीटरचं. आपल्याकडच्या गाड्या युरोपच्या वाटेने गेल्या, त्यातल्या बहुतेक फक्त पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली का, शॉर्ट झाली का एवढंच बघतात, तेव्हा पी ०४४३ किंवा पी ०४४४ सारखा कोड येतो. व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा अडकला असेल पण कॉइल चांगली असेल तर व्हॉल्व्हचा कोड येतच नाही! येतो तो रिचचा, आणि मग लोक इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर, मॅनिफोल्डचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर सगळं बदलून मोकळे होतात. झाकणाचं रबर फाटलं तर वास येईल, पण दिवा लागायचा नाही.

व्हॉल्व्ह तपासणं घरी होतं. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा, विडी-सिगारेट लांब ठेवा, हे सांगायला लागू नये पण सांगतो. गाडी स्टार्ट करा, आयडलला असू द्या. व्हॉल्व्हवरची कॅनिस्टरकडून येणारी नळी काढा, म्हणजे मॅनिफोल्डकडची नव्हे, आणि व्हॉल्व्हच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवा. थंड इंजिनला आयडलवर तिथे खेच लागता कामा नये. गरम इंजिनला काही गाड्यांत थोडी थोडी धक्क्याधक्क्याने खेच लागते, ते चालतं. पण थंड असताना बोट सतत ओढलं जातंय, तर व्हॉल्व्ह गळतोय. खात्रीसाठी कनेक्टर काढा, करंट नसताना तो बंदच असला पाहिजे ना, तरी खेच लागतेय म्हणजे प्रश्नच मिटला. (कनेक्टर काढल्यावर चेक इंजिनचा दिवा लागेल, घाबरू नका, नंतर स्कॅनरने कोड पुसता येतो.) मल्टिमीटर असेल तर कॉइलचा रेझिस्टन्स बघा, साधारण २० ते ३० ओहमच्या आसपास मिळतो, गाडीगणिक कमीजास्त, पण कॉइल ठीक निघाली म्हणजे व्हॉल्व्ह ठीक असं नव्हे, वर सांगितलंच. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमीजास्त करतोय तो आकडा) बघता येत असेल तर आणखी छान: आयडलला ट्रिम बराच मायनसमध्ये आणि पर्जची नळी चिमटीत दाबून धरली की शून्याकडे सरकतो, तर वाफच येतेय, इंजेक्टर नाही. एक गोष्ट करू नका, व्हॉल्व्ह तोंडाला लावून ओढू नका. फुंकायचं असेल तर स्वच्छ नळीचा तुकडा लावून फुंका.

मग व्हॉल्व्ह अडकतो कशाने? इथे गोव्याची गंमत आहे. मुख्यमंत्री पर्रीकरांनी २०१२ मध्ये पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हापासून शेजारच्यांना इथल्या पंपांची सवय लागली, नंतर टॅक्स वरखाली झाला तरी महाराष्ट्रापेक्षा पेट्रोल इथे स्वस्तच राहिलं. महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या अलीकडच्या पंपांवर सावंतवाडी-कुडाळच्या गाड्या बघा. नोझल खट्ट करून बंद होतो, पोरगा विचारतो, ‘राउंड फिगर करू?’, मालक म्हणतो कर, आणखी भर, गाडी जरा हलव, आणखी भर, झाकणापर्यंत दिसलं पाहिजे. आपले लोक पण कमी नाहीत, लांब जायचं म्हटलं की टाकी काठोकाठ.

नोझल का बंद होतो ते समजून घ्या. त्याच्या टोकाला एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जात असते. फिल लिमिट व्हॉल्व्ह बंद झाला की टाकीतली हवा बाहेर जायची वाट बंद होते, पेट्रोल नळीत वर चढतं, ते भोक बुडतं, आत व्हॅक्यूम तयार होऊन चाप सुटतो. म्हणजे टाकीने सांगितलं की आता पुरे, उरलेली जागा मला लागणार आहे. ती जागा रिकामी ठेवलेली असते, फुकट गेलेली नसते. पेट्रोल दर डिग्रीला साधारण ०.१ टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून आलेलं थंड पेट्रोल गाडीत ४० लिटर भरलं आणि उन्हात ते १५ डिग्रीने तापलं तर अर्ध्या लिटरपेक्षा जास्त वाढतं. टाकी आधीच गळ्यापर्यंत भरली असेल तर ते अर्धा लिटर जाणार कुठे? वाफेच्या नळीतून डब्यात. कोळसा वाफेसाठी केलेला आहे, पातळ पेट्रोलसाठी नाही. तो भिजला की वाफ धरायची ताकद जाते, म्हणून तुमच्याकडे मागे वास येतोय, आणि वारंवार भिजला की त्याचे दाणे फुटून भुगा होतो. तो काळा भुगा पर्जच्या नळीतून पुढे सरकतो आणि व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसतो. झाला व्हॉल्व्ह उघडा.

स्कूटरवाल्यांनी पण ऐका, बीएस ६ च्या दुचाक्यांनाही छोटा कॅनिस्टर आहे. भाड्याच्या स्कूटर कळंगुट-बागाला काठोकाठ भरून साइड स्टँडवर दिवसभर उन्हात उभ्या असतात, संध्याकाळी स्टार्ट होत नाहीत, मग बॅटरीला शिव्या.

उलट बाजूचा दोषही असतो, हवेचं तोंड बुजणं. आपल्याकडे लाल माती, खाणीच्या पट्ट्यातली धूळ, पावसात चिखल, आणि कुंभारमाशी तर कुठलीही उघडी नळी दिसली की घर बांधते. हसू नका, २०११ मध्ये माझदाला अमेरिकेत माझदा ६ गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, कारण एका जातीचे पिवळे कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं करायचे, हवा आत जाईना, टाकीत व्हॅक्यूम वाढून टाकीला तडा जायची भीती. ह्याचं लक्षण तुमच्यापेक्षा वेगळं: टाकी रिकामी असूनही पंपावर नोझल दर दोन लिटरला खट्ट खट्ट बंद होतो, आणि लांब चालवल्यावर झाकण उघडलं की मोठ्याने फुस्स होऊन हवा आत ओढली जाते. थोडंसं फुस्स नॉर्मल आहे.

आणि आता मेस्त्रीच्या सल्ल्याचं. डबा काढून टाकीची नळी उघडी सोडली तर वाफ गाडीखाली साचणार. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. बंगल्याच्या बंद गॅरेजमध्ये गाडी, कोपऱ्यात इन्व्हर्टर किंवा जुना फ्रिज, एक ठिणगी पुरते. नळीला बूच मारलं तर टाकीचा श्वास बंद, पंप पेट्रोल ओढणार आणि आत हवा येणार नाही, झाकणातला छोटा व्हॉल्व्ह आहे तेवढ्यावर सगळा भार. उन्हात उलट, आत प्रेशर वाढणार आणि झाकण उघडताना पेट्रोल तोंडावर यायची शक्यता. ‘पीयूसी पास होते ना’ हे ऐकवू नका, पीयूसीला सायलेन्सरमध्ये नळी घालतात, टाकीतून काय उडतंय ते तिथे दिसतच नाही. मेस्त्री लबाड आहे असं मी म्हणत नाही, कार्ब्युरेटरच्या काळातली सवय आहे ती, नको ती नळी काढ आणि बूच मार.

तुम्ही काय करायचं ते सांगतो. पुढच्या वेळी टाकी अर्धीच भरा आणि पंपावरच परत स्टार्ट करून बघा, फरक पडला तर निदान पक्कं. मग व्हॉल्व्ह वर सांगितल्यासारखा तपासा आणि खेच लागली तर नवीन घाला, डब्यापेक्षा तो बराच स्वस्त पडतो. पण नवीन घालायच्या आधी जुना काढून तळहातावर आपटा आणि नळी पांढऱ्या कापडावर झटका. काळी पूड पडली तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही, कॅनिस्टरपण बदला आणि मधली नळी हवा मारून साफ करा, नाहीतर नवा व्हॉल्व्हही थोड्याच दिवसांत तसाच अडकेल आणि तुम्ही म्हणाल डुप्लिकेट माल दिला. पूड नसेल तर कॅनिस्टर काढून हातात धरा, जड लागतो का, कलता केल्यावर पेट्रोल ठिबकतं का. ठिबकलं तर गेला. नुसता वास असेल तर टाकी निम्म्यावर ठेवून आठवडाभर फोंडा-मडगाव किंवा म्हापसा-पणजी अशी मोकळी धाव द्या, इंजिन गरम झालं की पर्ज होऊन तो आपोआप सुकतो. कंप्रेसरची जोराची हवा त्यात मारू नका, दाणे फुटतात, आणि गॅसवर किंवा हीटरसमोर सुकवायचा विचारही करू नका. आणि पंपावर नोझल खट्ट झाला की झाकण लावा, बिल चारशे सत्त्याण्णव झालं तर चारशे सत्त्याण्णव द्या.